खो पाठीमागूनच द्यावा लागतो

गेल्या अंकात संपादकांनी वाचकांना आवाहन केले होते की, अद्भुत, म्हणजे जादूमंतरांच्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंना, म्हणजे मला, पुस्तकांविषयी, आणि हवे तर पुस्तकांबाहेरच्या गोष्टींविषयीही, प्रश्न विचारावेत. वाचकांनी आवाहनाचा दुसरा भाग अधिक मनावर घेतला. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे खेळ आणि टीव्ही यांविषयीची होती, आणि एका पत्रात तर माझ्या कादंबरीचा उल्लेख केवळ तिच्यातली चूक दाखवण्यापुरता होता. ते पत्र मी सर्वांत शेवटी घेतले आहे, म्हणजे तोवर तरी वाचकांचे माझ्याविषयीचे मत बरे राहील. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. जादूगार, ड्रॅगन आणि मंतरलेल्या तलवारी यांची जाडजूड इंग्रजी पुस्तके ती दोन दिवसांत संपवते. मराठी पुस्तक हातात दिले की तिला एकदम गृहपाठ आठवतो. मराठीत तिच्यासाठी काही आहे का? (एक आई, नाशिक)

तिच्या हातातले इंग्रजी पुस्तक काढून घेऊ नका, एवढी विनंती आधी करते. मराठी पुस्तक ज्या सुरात मुलांच्या हाती दिले जाते, तो सूर बहुधा पथ्याचे जेवण वाढणाऱ्याचा असतो आणि मुलांना तो बरोबर ओळखू येतो. त्यापेक्षा रात्री दिवा मालवल्यावर तिला एक गोष्ट सांगा, आणि अर्धी सांगून उठा.

कोणती सांगावी, हेही सुचवते. पैठणचा सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी त्याला संस्कृतात ‘मोदकैः’ म्हणाली. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, म्हणजे आता पाणी उडवू नका. राजाचे संस्कृत कच्चे, त्यामुळे त्याने लगबगीने मोदक मागवले. राणी हसली, आणि राजा अंथरूण धरून बसला. दरबारातला गुणाढ्य म्हणाला की मी सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला की मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली: तू तसे करून दाखवलेस, तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा कायमच्या सोडीन. शर्ववर्म्याने करून दाखवले. भाषाच न उरलेला गुणाढ्य विंध्याच्या अरण्यात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा तो एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकू लागला. अरण्यातले पशू चरणे सोडून भोवती उभे राहिले आणि ऐकता ऐकता इतके रोडावले की राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकेच येऊ लागले. राजाचे पोट बिघडले, चौकशी झाली, आणि राजा धावत अरण्यात पोहोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

उरलेल्या एका लाखातून पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, असे मानले जाते. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत, आणि तिथे वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजा उज्जैनचा विक्रम नसून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन आहे. म्हणजे आपल्या पैठणचाच. हे ऐकल्यावर तुमची मुलगी नकाशा उघडते की नाही ते मला कळवा. कथासरित्सागराची मराठी भाषांतरे आहेत; मात्र तिच्यासाठी मुलांची संक्षिप्त आवृत्तीच आणा, कारण मूळ ग्रंथ अकरा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नाही. रद्दीच्या दुकानात ‘चांदोबा’चे जुने अंक मिळाले तर भाव न करता घ्या. तेराचौदाव्या वर्षी नारायण धारपांच्या समर्थकथा तिच्या हाती आपोआप येतील, त्याही बहुधा तुमच्या नकळत. जी. ए. कुलकर्णी मात्र घाईने देऊ नका. ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’ मी पंधराव्या वर्षी वाचली, काहीही कळले नाही, आणि कळले नाही याचा राग पुढची चार वर्षे मी त्यांच्यावर काढला.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. अद्भुत कादंबरी कशी लिहावी हे आपण खो-खोमुळे शिकलात, असे आपण एका व्याख्यानात म्हणाल्याचे ऐकले. हे श्रोत्यांना खूश करण्यासाठी होते की खरे आहे? (कोथरूड, पुणे)

सर, हे खरे आहे, आणि सिद्ध करण्यासाठी डाव्या गुडघ्यावर खांबाशी सूर मारताना उमटलेला व्रण आहे. मी शाळेत सहा वर्षे खेळले. मैदान म्हणजे मुरमाची जमीन, फक्कीने आखलेल्या रेघा आणि दोन टोकांना दोन लाकडी खांब. त्यांपैकी डावीकडचा खांब हातांनी घासून घासून मध्ये इतका गुळगुळीत झाला होता की पावसाची भुरभुर असली की पकड सुटे आणि मुलगी थेट फक्कीत तोंडावर जाई. कोणत्या खांबावर विसंबायचे नाही, हे आम्हाला ठाऊक असे. पाहुण्या संघाला आम्ही ते सांगत नसू.

तुम्हाला नियम सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. आठ जणी मधल्या पाटीत, म्हणजे दोन खांबांना जोडणाऱ्या पट्ट्यात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत तिला मागे फिरता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडताही येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून डावीउजवीकडे कशीही निसटू शकते. म्हणजे जिने पकडायचे तिचेच पाय नियमाने बांधलेले. तिच्याजवळ सुटकेचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे पाठमोऱ्या बसलेल्या मैत्रिणीला ‘खो’ देऊन स्वतः तिच्या जागी बसणे. तो खोही पाठीमागूनच द्यावा लागतो, हात लावून आणि मोठ्याने उच्चारून. समोरून दिला तर पंचांची शिट्टी.

आता कल्पना करा की पाठलाग करणारीला वाटेल तेव्हा मागे वळण्याची मुभा दिली. तिची ताकद वाढली, पण खेळाचे शिवणापाणी झाले. बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत दुहेरी साखळी कोण कशाला घालील? हुलकावणीला कोण फसेल? माझ्या व्यवसायातही नेमके हेच घडते. नवशिका लेखक नायकाला आणखी एक शक्ती देतो, मग आणखी एक देतो, आणि तीनशे पानांनंतर त्याच्या लक्षात येते की या माणसाला आता कशाचीच भीती उरलेली नाही, आणि वाचकालाही नाही. माझ्या वहीत प्रत्येक मंत्राला एक पान असते. त्या पानावर तो मंत्र काय करू शकत नाही, एवढेच लिहिलेले असते. काय करू शकतो ते लिहिण्याची गरज पडत नाही, ते कादंबरी लिहिताना सुचत जाते.

वेताळाची अट आठवून पाहा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन. राजा दोन्ही बाजूंनी अडकलेला आहे, आणि चोवीस गोष्टींचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. चोविसाव्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांचे विवाह अनुक्रमे एका मुलीशी आणि तिच्या आईशी होतात आणि त्यांच्या मुलांचे आपसातले नाते काय, असा प्रश्न येतो. राजाला खरोखरच उत्तर येत नाही. तो गप्प चालत राहतो आणि अट आपोआप गळून पडते. ज्याने कुणी हे प्रथम रचले, त्याने नियम मोडला नाही. त्यातली फट शोधून ठेवली आणि ती शेवटपर्यंत झाकून ठेवली.

खो-खोचे नियम प्रथम पुण्यातच, डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने १९१४ साली लिहून काढले गेले, याचा मला नको तितका अभिमान आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्रातले. मॅटवरच्या त्या झगझगीत प्रकारात मुरूम नव्हता, फक्की नव्हती, कॅमेरे मात्र चोहोबाजूंनी होते. पण एका मुलीने खांबाशी देह झोकून दिला, तेव्हा माझा हात नकळत गुडघ्याकडे गेला.

क्रिकेटचा एखादा सामना कादंबरीत घालायचा झाला, तर आपण कोणता घ्याल? (कोल्हापूर)

तुमच्या गावचे नाव पाहूनच उत्तर ठरले. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, रणजी स्पर्धेत महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या आणि खेळ विश्रांतीसाठी थांबला, तेव्हा निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला तेव्हाचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा. दहा धावा हव्या होत्या; त्या दिवसाच्या हिशेबाने दोनतीन षटकांचे काम. काठियावाडचे नेतृत्व राजकोटचे ठाकूरसाहेब करत होते. त्यांनी सांगितले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही जातो. आणि ते खरोखरच संघ घेऊन निघून गेले.

हे मी कादंबरीत लिहिले असते, तर माझ्या संपादकांनी समासात ‘पटत नाही’ असे लिहून हस्तलिखित परत केले असते. आडदांड खलनायक चालतो. पण खलनायक सामान आवरून घरी जातो, हे कुणाला चालेल? तरीही या प्रसंगात मला जी गोष्ट दिसते, ती ठाकूरसाहेबांच्या स्वभावापेक्षा मोठी आहे. सामना सोडून देणे हेही नियमात बसणारेच होते. फलंदाज कितीही थोर असला तरी समोर कुणीतरी चेंडू टाकायला तयार असेपर्यंतच तो थोर असू शकतो, ही अट क्रिकेटमध्ये पहिल्यापासून आहे. ती वापरण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही, इतकेच. निंबाळकरांची सारी ताकद त्या एका न वापरलेल्या कलमापाशी अडली. पुढे त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही नियमात बसत नाही आणि मला कादंबरीतही बसवता येणार नाही.

दुसरा सामना विचाराल, तर पुण्याच्या नेहरू स्टेडियमवरचा, १९९६ च्या विश्वचषकातला. केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजचा संघ ९३ धावांत आटोपला. लाराचा झेल चष्मा लावलेल्या यष्टिरक्षकाने घेतला. तारीख होती २९ फेब्रुवारी. अशा सामन्याला चार वर्षांतून एकदाच येणारी तारीख लाभावी, हे मी स्वतः केले असते तर जरा अति वाटले असते. माझ्या धाकट्या भावाने सकाळी मला तिकीट देऊ केले होते. केनियाचा सामना पाहायला कोण उन्हात बसणार, असे मी त्याला म्हणाले. ते वाक्य तो घरातल्या प्रत्येक लग्नात माईकवरून सांगतो.

आपल्या कादंबऱ्यांवर मालिका का होत नाही? आपण टीव्हीला कमी लेखता का? (सोलापूर)

कमी लेखत नाही. रोज पाहते, आणि जेवताना पाहते, म्हणजे सासूबाईंचे शिस्तीचे बोलणेही ऐकते. दूरदर्शनवर १९८५ साली ‘विक्रम और बेताल’ लागे, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता आणि शेजारच्या काकूंच्या दिवाणखान्यात सतरंजीवर आम्ही दहाबारा मुले बसत असू. राजा झाले होते अरुण गोविल, आणि वेताळ झाले होते सज्जन नावाचे नट. पांढऱ्या केसांचा तो वेताळ हवेत उडाला की त्यामागची कारागिरी लहान मुलालाही ओळखू येई. तरी ‘तू बोला, और मैं चला’ या अर्थाचे काही तो म्हणाला की पोटात गोळा येई, कारण अट आम्हाला पाठ होती. राजा बोलणार हे ठाऊक असायचे आणि तरीही त्याने बोलू नये असे वाटायचे. आज पडद्यावर अख्खा पर्वत उचलून दाखवता येतो, आणि माझी भाची त्याच वेळी बटाट्याचा काप सॉसमध्ये बुडवत असते.

आता पहिल्या प्रश्नाविषयी. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीने माझी एक कादंबरी घेतली होती. तिच्यात एक समई आहे. ती पेटवली की गेलेले माणूस घटकाभर समोर येऊन बसते, पण दर वेळी पेटवणाऱ्याची एक आठवण कायमची विझते. नायिका आईला भेटण्यासाठी समई पेटवत राहते आणि शेवटी समोर बसलेली बाई कोण, हेच तिला आठवत नाही. बैठकीत मला अतिशय अदबीने सांगण्यात आले की, समई ठेवू, आई ठेवू, फक्त विसरणे तेवढे काढू. कारण विचारले, तेव्हा ते मूर्खपणाचे नव्हते. मंगळवारचा भाग चुकलेल्या प्रेक्षकाला बुधवारी गोष्ट समजली पाहिजे. ती समजावून सांगण्याचे काम नायिकेकडे असते. आणि नायिकाच विसरली, तर सांगणार कोण? आठवड्यातून सहा दिवस, रोज वीसबावीस मिनिटे गोष्ट सांगायची असेल, तर हा खरोखरच कामाचा प्रश्न आहे. मी नाही म्हणाले, मालिका झाली नाही, आणि करारानुसार मिळालेले मानधन मी परत केले नाही. त्या वर्षी गच्ची गळत होती.

खेळांच्या बाबतीत मात्र टीव्हीने मला चकित केले आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पडद्यासाठी कबड्डी सोपी आणि गुळगुळीत करतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी उलट केले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आण, नाहीतर बाद हो, असा नियम आणला. वेळ काढत मध्यरेषेजवळ घुटमळणाऱ्या चढाईपटूच्या गळ्याशी फास आला, आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात मैदान पाहिलेले नाही, त्या तिसऱ्या चढाईला वरणाचा चमचा हवेत धरून बसू लागल्या. हेच डोके मालिकावाल्यांनी माझ्या समईला लावले असते, तर गच्चीचे काम मी कर्ज काढून केले असते.

आपला भुतांवर विश्वास आहे का? (ठाणे)

नाही. तरी संध्याकाळी सातनंतर मी वेताळ टेकडीवर थांबत नाही. त्याचे कारण वर सांगितलेला गुडघा आहे.

रामायण, महाभारत आणि पुराणे एवढी समृद्ध असताना नव्या अद्भुत कथा लिहिण्याचे प्रयोजनच काय? (नागपूर)

हा प्रश्न मला दर व्याख्यानात विचारला जातो आणि तो विचारणारे गृहस्थ बहुधा पहिल्या रांगेत बसलेले असतात. महाभारत एकदा तयार होऊन आपल्या हाती आले आणि त्यानंतर कुणी त्यात भर घातली नाही, असे या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. तसे झालेले नाही, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे बसून विद्वानांनी शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपण बालपणापासून ऐकत आलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. ती नंतरची भर ठरली आणि परिशिष्टात गेली.

ती भर घालणाऱ्या अनाम माणसाला मी माझा व्यवसायबंधू मानते. त्याने काय रचले ते पाहा. गणपती म्हणतो, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणतात, अर्थ कळल्याशिवाय तू एक अक्षर लिहिता कामा नये. मग स्वतःला सवड मिळावी म्हणून व्यास मधूनमधून असा अवघड श्लोक घालतात की गणपती क्षणभर विचारात पडतो, आणि तेवढ्यात पुढचे श्लोक रचून होतात. अटीला प्रतिअट. पाठमोऱ्या मुलीला खो देण्याइतके हे नेमके आहे. तो माणूस ‘एवढे महाभारत असताना मी कशाला’ असे म्हणाला असता, तर गणेशोत्सवातल्या अर्ध्या देखाव्यांना विषय मिळाला नसता. विद्वानांनी ती कथा बाजूला काढली, हे त्यांच्या कामाला धरून होते. माझे काम वेगळे आहे.

तिसरा खंड केव्हा येणार? दुसरा येऊन पाच वर्षे झाली. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मुंबई)

अमेरिकन अद्भुतकथाकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेचा पहिला खंड १९९६ साली आणला, तेव्हा ती तीनच खंडांत संपणार होती. पाचवा खंड २०११ मध्ये आला. त्याच वर्षी तिच्यावरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका सुरू झाली, लेखकाला ओलांडून पुढे गेली आणि २०१९ मध्ये संपलीसुद्धा. सहावा खंड अद्याप वाचकांच्या हाती नाही. मधल्या काळात ते आपल्या आवडत्या अमेरिकन फुटबॉल संघांच्या पराभवांविषयी जाहीरपणे हळहळत असतात, आणि वाचक त्यांना म्हणतात की सामने पाहू नका, लिहा. मला हा संवाद ओळखीचा वाटतो.

तुलना माझ्या सोयीची आहे, हे मान्य. उशिराचे खरे कारण असे की, दुसऱ्या खंडाच्या शेवटी मी नायिकेला एका प्रश्नाचे उत्तर न देण्याची शपथ घालून ठेवली आणि तिसऱ्यात तिने ते उत्तर दिल्याशिवाय कथा सरकत नाही. शपथ मोडली तर फसवणूक, पाळली तर पुस्तक अडते. फट सापडेपर्यंत थांबावे लागेल. ती मार्चमध्ये सापडल्यासारखी वाटली होती, एप्रिलमध्ये बुजली.

आपल्या पहिल्या कादंबरीत नायकाला पृष्ठ ६२ वर एका रात्रीत शंभर कोस नेणारे जोडे मिळतात. तेच जोडे पायांत असताना पृष्ठ ११४ वर त्याला शेजारच्या गावी जायला तीन दिवस लागतात. याचा खुलासा व्हावा. (सातारा)

खुलासा नाही, चूक आहे. ती लेखिकेच्या, संपादकांच्या आणि दोन मुद्रितशोधकांच्या नजरेतून सुटली आणि आपल्या नजरेतून सुटली नाही. आपले पत्र मी टेबलावरच्या काचेखाली ठेवले आहे. वर कोथरूडच्या सरांना मी नियमांविषयी एवढे ऐकवले, ते लिहिताना ते सतत समोर दिसत होते.

दुरुस्तीसाठी मी प्रथम सोपा मार्ग धरला, तो म्हणजे तीन दिवसांचे तीन तास करणे. पण मग वाटेत नायकाला भेटणारी धनगरीण गळते, आणि ती गळली तर शेवटचे प्रकरण कोसळते. महिनाभर अडून बसल्यावर वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा आठवला. तिथे नवसाला कातडी चपला वाहतात, माणसाच्या पायाच्या कितीतरी पट मोठ्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा आहे, आणि फिरतो म्हणून त्याच्या चपला झिजतात. देवळात रांगेने ठेवलेल्या त्या चपला मी लहानपणी पाहिल्या होत्या. दैवत असले तरी चालले की तळवा झिजणारच, हे आरवलीच्या लोकांना केव्हापासून ठाऊक आहे, आणि मी मात्र माझ्या नायकाला न झिजणारे जोडे देऊन बसले होते.

नव्या आवृत्तीत पृष्ठ ९८ वर उजव्या जोड्याचा तळ फाटतो. नायक एका पायाने शंभर कोसांच्या वेगाने आणि दुसऱ्या पायाने आपल्यासारखा चालू पाहतो, जागच्या जागी गरगर फिरतो, आणि शेवटी दोन्ही जोडे काढून काखेत मारतो. तिथून पुढे तीन दिवस बरोबर लागतात. मोची शोधण्याचे एक पान वाढले आहे. त्यात पुन्हा काही चुकले असेल, तर पत्ता आपल्याकडे आहेच.